कोकणातील शाळांच्या मैदानांसाठी आणि शारीरिक शिक्षणासाठी निधी कसा मिळवावा

शारीरिक शिक्षणासाठी पैसे मागायचे ठरले की आपल्याकडील बहुतेक शाळांत पहिला कागद साहित्याच्या यादीचा निघतो. दोन फुटबॉल, दहा दोऱ्या, चार रिंग, एक कॅरम, आणि खाली मुख्याध्यापकांची सही. अशी यादी चुकीची नसते, पण ती सर्वांत शेवटी लिहायची असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, तसेच रायगडच्या दक्षिण भागात, मुलांचे खेळणे मुख्यतः दोन गोष्टींवर अडते. एक म्हणजे मैदानाच्या जागेचा कागद आणि दुसरी म्हणजे जून ते सप्टेंबर हे चार महिने. या दोन्हींचे उत्तर ज्या प्रस्तावात आहे, तो कार्यालयात टिकतो आणि पैसे आल्यावर त्यातून झालेले काम मुलांच्या उपयोगीही पडते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षक आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातील शाळांच्या एका गटाचा (केंद्राचा) प्रमुख, म्हणून काम करताना परत आलेले प्रस्ताव पुष्कळ पाहिले, त्यांत माझ्या हातचेही होते. त्यातून जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो आहे.

आधी मोजावे, मग मागावे

निधी देणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: आज शाळेत काय चालले आहे आणि पैसे दिल्यावर त्यात काय बदलेल. त्यामुळे प्रस्तावाचे काम मोजणीपासून सुरू करावे आणि त्यासाठी पंधरा दिवस द्यावेत. प्रत्येक वर्गाने आठवड्यात प्रत्यक्ष किती मिनिटे हालचालीचा खेळ खेळला, याची नोंद एका साध्या वहीत ठेवावी. वेळापत्रकातील तास येथे धरू नयेत, कारण वेळापत्रकात तास असतो आणि त्या तासाला गणिताचा राहिलेला धडा पूर्ण होतो, हे आपण सारेच जाणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयोगटातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल मिळायला हवी. आपल्या वहीतील आकडा या आकड्याशेजारी लिहिला की प्रस्तावातील गरजेचा परिच्छेद निम्मा लिहून झालेला असतो.

दुसरी मोजणी मुलांच्या क्षमतेची असते. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचण्या त्यासाठी पुरेशा आहेत आणि त्यांना महागडे साहित्य लागत नाही. पहिली ते तिसरीच्या मुलांची उंची, वजन, एका पायावरचा तोल आणि हाताची चपळता पाहिली जाते. चौथीपासून पुढे ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकण्याची लवचिकता, पोटाच्या आणि हाताच्या स्नायूंची ताकद मोजतात. एक मोजपट्टी, मोबाइलमधील घड्याळ आणि आरोग्य केंद्राकडून एका दिवसासाठी आणलेला वजनकाटा एवढ्यावर हे काम होते. जुलैत आणि फेब्रुवारीत अशा दोन वेळा मोजणी केली, तर पुढच्या वर्षीच्या प्रस्तावाला स्वतःचा पुरावा मिळतो. एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. मुलांची नावे आणि वजने कोणत्याही प्रस्तावाला जोडू नयेत, वर्गवार सरासरी तेवढी द्यावी.

तिसरी नोंद पावसाची. कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. शाळा जूनच्या मध्यास सुरू होते, म्हणजे शैक्षणिक वर्षाचा पहिला तृतीयांश काळ मैदान चिखलाचे असते. त्याच काळात तालुका आणि जिल्हा पातळीवरील शालेय स्पर्धाही सुरू होतात. सराव नाही आणि स्पर्धा मात्र तोंडावर, अशी मुलांची कोंडी होते. जून ते सप्टेंबर या काळात शारीरिक शिक्षणाचे किती तास मैदान ओले असल्याने बुडाले, हा आकडा देशावरील शाळेच्या प्रस्तावात नसतो. आपल्या प्रस्तावात तो असलाच पाहिजे.

जागेचा कागद

येथे मी अधिक सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्याकडील मैदानांचे प्रस्ताव सर्वाधिक याच ठिकाणी थांबतात. कोकणातील कित्येक शाळा गावातल्या एखाद्या उदार माणसाने दिलेल्या जमिनीवर उभ्या आहेत. जमीन शब्दावर दिली गेली, शाळा उभी राहिली, मुले तेथे तीन पिढ्या खेळली, पण सातबाऱ्यावर नाव मात्र देणाऱ्याच्या आजोबांचे राहिले. माझ्या केंद्रातील एका शाळेचा मैदान सपाटीकरणाचा प्रस्ताव नेमका याच कारणाने परत आला होता. अंदाजपत्रक चोख होते, ग्रामसभेचा ठराव होता, परंतु सातबारा अकरा जणांच्या सामाईक नावांवर होता आणि त्यांतील सात जण मुंबईत राहत होते. त्या वर्षीचा निधी दुसऱ्या तालुक्याकडे गेला आणि आमची मुले आणखी दोन वर्षे उतारावरच धावली.

म्हणून अर्ज करण्याच्या किमान एक वर्ष आधी सातबारा उतारा, आठ अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि गाव नकाशा काढावा. इमारत आणि मैदान एकाच गट क्रमांकात आहेत की वेगवेगळ्या, हे नकाशावर पाहावे. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. मालकी खासगी असेल तर तोंडी संमती किंवा साध्या कागदावरील सही पुरत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्यावे आणि त्यानंतर फेरफार नोंद होऊन सातबाऱ्यावर शाळेचे किंवा जिल्हा परिषदेचे नाव लागेपर्यंत पाठपुरावा सोडू नये. दान देण्यास मालक तयार नसेल, तर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा हा दुसरा मार्ग आहे.

सामाईक जमिनीच्या बाबतीत सर्व हिस्सेदारांना एकत्र आणणे हेच अवघड काम असते आणि त्यासाठी आपल्याकडे वर्षात दोनच खात्रीच्या वेळा आहेत, गणपती आणि शिमगा. चाकरमानी या दोन सणांना घरी येतात. शाळा व्यवस्थापन समितीने गणपतीच्या महिनाभर आधी मुंबईतील गावकऱ्यांच्या ग्रामविकास मंडळाला पत्र पाठवून विषय कळवावा, दस्ताचा मसुदा वकिलाकडून तयार करून घ्यावा आणि गौरी-विसर्जनानंतर लोक परतीच्या गाड्या धरण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातील वेळ ठरवावी. कार्यालय कोणत्या दिवशी उघडे आहे, हे आधीच विचारून घ्यावे. ज्यांना येणे शक्य नाही, त्यांच्याकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र मागवता येते.

सातबाऱ्याच्या इतर अधिकार या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. देवस्थानची जमीन असेल, गुरचरण असेल किंवा १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यानुसार वनाचा शेरा असेल, तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला कितीही मनापासून दिलेला असला तरी तो पुरेसा होत नाही. अशा जमिनीवर संबंधित प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी आल्याशिवाय अंदाजपत्रकासाठी कोणालाही धावपळ करायला लावू नये. समुद्र किंवा खाडी जवळ असेल, तर २०१९ ची किनारी नियमन क्षेत्र अधिसूचना लागू होते. ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत ना-विकास क्षेत्र असते, दाट लोकवस्तीच्या गावांसाठी ते ५० मीटर आणि इतरांसाठी २०० मीटर धरले आहे. मोकळे मैदान आणि त्यावर उभी राहणारी पक्की शेड यांना वेगळे नियम लागतात, म्हणून शेडची जागा नकाशावर भरतीरेषेच्या अंतरासह दाखवावी.

सड्यावरील, म्हणजे कातळी पठारावरील, शाळांना आणखी एक सूचना मनापासून करावीशी वाटते. रत्नागिरी, राजापूर आणि आसपासच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला आहे. मैदानासाठी कातळावर यंत्र चढवण्याआधी गावातील जुन्या माणसांसह तो सडा पायी फिरून पाहावा. एखादी रेषा कोरलेली दिसली, तर काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवावे आणि मैदानासाठी दुसरा तुकडा शोधावा.

किती जागा लागते, हाही प्रश्न येथेच सोडवावा. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. पुरुष गटाचे कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते, म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडे अधिक, आणि महिला गटाचे १२ बाय ८. व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर लागतात. खो-खोचे २७ मीटर बाय १६ मीटरचे मैदान सव्वाचार गुंठ्यांत बसते. या सर्वांच्या कडेने मोकळी पट्टी सोडावी लागते. पाच-सहा गुंठे सपाट जागा असलेल्या वाडीतल्या शाळेने ४०० मीटर धावमार्गाची मागणी केली, तर अभियंता ती पाहताक्षणी बाजूला ठेवतो. त्याच जागेत खो-खोचे एक मैदान आखून त्यातच कबड्डीच्या रेषा मारता येतात, आणि हे प्रस्तावात आकृतीसह दाखवले की त्याचे वजन वाढते.

पैसा कोठे आहे

जिल्हा परिषदेच्या आणि इतर शासकीय शाळांसाठी पहिला आणि नियमित स्रोत समग्र शिक्षा हा आहे. सर्व शिक्षा अभियान, राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-शिक्षणाची योजना एकत्र करून २०१८ मध्ये ही योजना सुरू झाली. तिच्यात क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपयांपर्यंत आणि माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. याशिवाय पटसंख्येवर आधारित संयुक्त शाळा अनुदान मिळते. पट ३० पर्यंत असल्यास १०,००० रुपये, ३१ ते १०० असल्यास २५,००० रुपये, असे त्याचे टप्पे आहेत आणि त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी ठेवावी लागते. ही अनुदाने पटावर आणि युडायस या शाळांच्या राष्ट्रीय नोंदप्रणालीतील माहितीवर अवलंबून असल्यामुळे ३० सप्टेंबर या संदर्भ दिनांकाची युडायस माहिती भरताना मैदान आणि क्रीडा साहित्य यांच्या नोंदी डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. शाळेला मैदान नसताना केवळ शेजारच्या मळ्यात मुले खेळतात म्हणून ‘आहे’ अशी नोंद केली, तर पुढे मैदानाची मागणी करताना आपलीच नोंद आड येते.

कोकणातील अडचण अशी, की आपल्या असंख्य वाडीशाळांचा पट वीसच्याही आत आहे. अशा शाळेला मिळणाऱ्या रकमेत मोठे काही होत नाही, हे खरे आहे. परंतु केंद्रातील आठ-दहा शाळा एकत्र बसल्या, प्रत्येकीने वेगवेगळे साहित्य घेतले आणि ते दर दोन महिन्यांनी फिरवले, तर प्रत्येक मुलाला वर्षात पाच-सहा खेळांचे साहित्य हाताळायला मिळते. खरेदी प्रत्येक शाळेच्या खात्यातूनच व्हावी, साठा नोंदवहीही स्वतंत्र असावी, फक्त फिरवण्याची नोंद केंद्रशाळेत ठेवावी. असे केल्यास लेखापरीक्षणात प्रश्न उद्भवत नाही.

मैदानाच्या मोठ्या कामासाठी क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची क्रीडांगण विकास अनुदान योजना पाहावी. तिचा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. मैदान समपातळीत करणे, धावमार्ग, कुंपण, प्रसाधनगृह, पिण्याचे पाणी, साहित्य ठेवण्याची खोली अशा कामांचा तिच्यात समावेश असतो आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांबरोबर अनुदानित माध्यमिक शाळांनाही तिचा लाभ घेता येतो. अनुदानाची कमाल मर्यादा शासन निर्णयाने वेळोवेळी बदलत आली आहे, म्हणून कोणाच्या सांगण्यावर न जाता चालू शासन निर्णयाची प्रत कार्यालयातून घेऊन तीच अर्जाला जोडावी. या योजनेचा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. त्या योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात आकार घेतो, त्यामुळे दिवाळीनंतर लगेच अर्ज कार्यालयात पोचलेला असावा.

डोंगरी विकास कार्यक्रम हा आपल्या भागाचा स्वतःचा म्हणावा असा स्रोत आहे आणि मला वाटते की शाळा त्याचा पुरेसा विचार करत नाहीत. साकव (ओढ्यावरचे छोटे पूल), पायवाटा, शाळाखोल्या यांसारखी छोटी कामे त्यातून होतात. उतारावरील शाळेच्या मैदानाला लागणारी संरक्षक भिंत हे अशा छोट्या कामाचेच उदाहरण आहे. आमदार स्थानिक विकास निधी आणि खासदार निधी यांतूनही टिकाऊ कामे होऊ शकतात. खासदार निधी १९९३ मध्ये सुरू झाला आणि तो वर्षाला ५ कोटी रुपयांचा असला, तरी तो संपूर्ण मतदारसंघासाठी असतो. या निधीची शिफारस लोकप्रतिनिधी करतात आणि मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. शिफारसपत्र हाती आले म्हणजे काम झाले, असे समजून निश्चिंत होऊ नये.

ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होती आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे स्थानिक गरजेनुसार वापरता येणारी होती. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण येते, म्हणून शाळेच्या मैदानाचे काम अबंधित भागातून सुचवता येते. त्यासाठी ते ग्रामपंचायत विकास आराखड्यात आले पाहिजे. आराखड्याचे काम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेला शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी, विशेषतः महिला सदस्यांनी, मागणीचा लेखी कागद घेऊन उपस्थित राहावे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, शाळा विकास आराखडा करण्याचे काम कायद्याने तिच्यावरच सोपवले आहे आणि याच कायद्याच्या अनुसूचीत खेळाचे मैदान व क्रीडा साहित्य हे शाळेच्या निकषांत घातले आहे. मागणीच्या पहिल्याच ओळीत या कायद्याचा उल्लेख करावा.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हा आणखी एक मार्ग. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे तेच कलम सांगते. अनुसूची सातमध्ये शिक्षण आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण हे दोन्ही विषय आहेत. लोटे-परशुराम, महाड, रोहा, जयगड या पट्ट्यांतील शाळांनी याचा उपयोग अवश्य करावा. जिल्हा परिषद शाळेने आधी शिक्षण विभागाची परवानगी घ्यावी. काम एखाद्या संस्थेमार्फत होणार असेल, तर असा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-१ नोंदणी त्या संस्थेची आहे का, हे पाहावे. कंपन्यांचे नियोजन आर्थिक वर्षाच्या सुरुवातीस होते, मार्चमध्ये दिलेला अर्ज बहुधा उशिराचा ठरतो.

आणि मुंबईचे मंडळ. गावच्या शाळेवर चाकरमान्यांचे प्रेम असते आणि ते मागितल्याशिवाय पैशांत उतरत नाही. मंडळाकडे रोख रकमेपेक्षा एक नेमकी गोष्ट मागावी, उदाहरणार्थ खो-खोचे दोन खांब, व्हॉलीबॉलची जाळी किंवा साहित्य ठेवण्याचे कपाट. केंद्र शासनाच्या विद्यांजली संकेतस्थळावरही शाळेला अशा वस्तूंची आणि स्वयंसेवकांची मागणी नोंदवता येते. गावातील जुना कबड्डीपटू आठवड्यातून दोन दिवस यायला तयार असेल, तर त्याची रीतसर नोंद करावी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी आणि सरावाच्या वेळी एक शिक्षक किंवा शिक्षिका तेथे हजर राहावी. मुलांच्या सुरक्षेबाबत ओळखीचा माणूस म्हणून सवलत देऊ नये.

शिक्षकाचा प्रश्न या सर्वांहून वेगळा आहे, कारण वरीलपैकी कोणत्याही निधीतून कायम क्रीडाशिक्षक मिळत नाही. दोनशिक्षकी शाळेत दोघांपैकी एकाने शारीरिक शिक्षणाची जबाबदारी घेऊन प्रशिक्षणाला जावे आणि प्रस्तावात त्या व्यक्तीच्या नावाऐवजी पदाचा उल्लेख करावा, म्हणजे बदली झाल्यावरही काम पुढे चालते.

पाऊस, वारा आणि खारी हवा

अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे कनिष्ठ किंवा शाखा अभियंता करतात, परंतु मैदानाचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे शाळेलाच ठाऊक असते. जुलैत पाऊस पडत असताना मैदानाची छायाचित्रे आणि चित्रफीत काढून ठेवावी आणि अभियंता येतील तेव्हा त्यांना दाखवावी. डोंगराकडून येणारे पाणी अडवून पऱ्याकडे (ओढ्याकडे) वळवणारे गटार अंदाजपत्रकात नसेल, तर सपाटीकरणाची माती पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या भातखाचरात जाते आणि शाळेला शेजाऱ्याशी भांडण मिळते. मैदानाला शंभरास एक इतका हलका उतार द्यावा. संरक्षक भिंत जांभ्या चिऱ्याची असो वा काँक्रीटची, तिला पाणी निघण्याची भोके ठेवायला सांगावे.

माझ्या मते कोकणातील शाळेने एकच मोठी गोष्ट मागायची असेल, तर ती छप्पर असलेली खुली शेड मागावी. १२ बाय ८ मीटरचे कबड्डीचे मैदान आणि कडेची पट्टी त्यात बसेल एवढी ती असावी. तिच्यात पावसाळाभर लंगडी, कबड्डी, दोरीच्या उड्या, योगासने, लेझीम सर्व चालते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगडमध्ये आणि दापोली-मंडणगड भागात अनेक शाळांची छपरे उडाली, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याने गेले. त्यामुळे पत्रे कसे जखडणार आणि खांबांचा पाया किती खोल असणार, हे अंदाजपत्रकात वेगळे नमूद करून घ्यावे. समुद्राजवळ साधे लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत गंजून जाते. खांब, झोपाळे, जाळीचे दांडे जस्तलेपित घ्यावेत, आणि कमी दराच्या साध्या लोखंडी दरपत्रकाला नकार देण्याचे कारण समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे.

मातीकामासाठी भातकापणीनंतरचे महिने योग्य असतात. काजू-आंब्याच्या हंगामात मजूर मिळणे कठीण होते आणि मे अखेरीस वळवाचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो. कार्यारंभ आदेश मार्चमध्ये मिळाला, तर शेडचे काम आधी करून घ्यावे आणि मातीकाम पावसाळ्यानंतर घेण्याची लेखी परवानगी मागावी. ओल्या मातीवर घाईने फिरवलेल्या रोलरचे मैदान मी पाहिले आहे, पुढच्या मे महिन्यात त्याला हाताएवढ्या भेगा पडल्या होत्या.

प्रस्ताव कसा लिहावा

प्रस्ताव चार पानांच्या वर जाऊ देऊ नये. पहिल्या पानावर गरज आणि मागणी असावी, दुसऱ्यावर जागेचा तपशील व आकृती, तिसऱ्यावर खर्च, चौथ्यावर देखभाल आणि मोजमाप. बाकी सारे जोडपत्रांत जावे. गरजेचा परिच्छेद कसा असावा, याचा एक नमुना देतो. त्यातील आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत, प्रत्येक शाळेने स्वतःच्या वहीतील आकडे घालावेत.

“आमच्या शाळेत पहिली ते सातवीपर्यंत ४६ मुले आहेत. जून ते सप्टेंबर या काळात मैदानावर पाणी साचल्याने शारीरिक शिक्षणाच्या ६४ तासांपैकी ४१ तास होऊ शकले नाहीत. ऑक्टोबरनंतर मुलांना दररोज सरासरी २२ मिनिटे खेळायला मिळतात. शाळेच्या नावे असलेल्या आठ गुंठे जागेपैकी तीन गुंठे उतारावर असून तेथे खेळता येत नाही. संरक्षक भिंत, गटार आणि एक शेड झाल्यास पावसाळ्यातील तास पूर्ण होतील आणि दररोजचा खेळ ४५ मिनिटांपर्यंत नेता येईल. याची मोजणी दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवली जाईल.”

या परिच्छेदात विशेषणे नाहीत, हे लक्षात घ्यावे. ‘सर्वांगीण विकास’ आणि ‘उज्ज्वल भवितव्य’ हे शब्द प्रत्येक अर्जात असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला त्यातून आपल्या शाळेची काहीच ओळख होत नाही. मुली आणि दिव्यांग मुले यांच्यासाठी काय करणार, हे मात्र स्पष्ट लिहावे. सातवी-आठवीच्या मुली मैदानापासून दूर का राहतात, हे त्यांना शिक्षिकेने विचारावे. कपडे बदलण्याची आडोशाची खोली आणि पाणी असलेले प्रसाधनगृह नाही, हे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळते, आणि ते मिळाले तर तीच मागणी खर्चाच्या पानावर वरच्या क्रमांकावर घ्यावी.

खर्चात देखभालीची ओळ विसरू नये. दरवर्षी माती भरणे, रेषा आखणे, पत्रे तपासणे यांसाठी पैसे कोठून येतील, ते लिहावे. संयुक्त शाळा अनुदानाचा काही भाग, ग्रामपंचायतीचा ठराव किंवा मंडळाचे लेखी आश्वासन यांपैकी जे खरोखर हाती असेल तेच नमूद करावे. एकाच कामासाठी दोन ठिकाणी अर्ज केला असेल, तर दोन्ही अर्जांत तसे सांगावे. कामाचे भाग पाडून शेड एका निधीतून आणि भिंत दुसऱ्या निधीतून, अशी विभागणी केली तर ती नियमात बसते आणि तपासणीतही स्पष्ट दिसते.

प्रस्ताव दाखल करताना पोच घ्यावी. आवक क्रमांक वहीत लिहावा आणि दर महिन्याला एकदा त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन लेखी विचारणा करावी. त्रुटी निघाली, तर कोणती आणि कोणत्या कागदात, हे लेखी मागावे. तोंडी सांगितलेल्या त्रुटी दर भेटीत बदलतात आणि शिक्षकाच्या रजा त्यात संपतात.

पैसा आल्यावर

समग्र शिक्षाची रक्कम वर्षाच्या अखेरीस आली की ३१ मार्चपूर्वी खर्च करण्याची घाई होते आणि त्या घाईत दुकानदार देईल ते साहित्य घेतले जाते. हे टाळण्यासाठी ऑगस्टमध्येच मुलांच्या वयाप्रमाणे यादी ठरवून समितीची मान्यता घ्यावी आणि रक्कम जमा होताच दरपत्रके मागवावीत. लहान मुलांना मोठ्यांचे चेंडू देऊ नयेत. पहिली-दुसरीसाठी हलके चेंडू, रंगीत शंकू, रिंग आणि दोऱ्या पुरतात. खो-खोचे खांब गावच्या सुताराकडून चांगल्या लाकडाचे करून घेता येतात, फक्त रीतसर पावती घ्यावी. लगोरी, विटीदांडू, सूरपारंबी, आट्यापाट्या यांना तर जवळजवळ खर्चच नाही, आणि वेळापत्रकात त्यांना मानाने जागा द्यावी.

आलेली प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीत त्याच दिवशी चढवावी. बांधकाम असेल तर पायाच्या खोदाईपासून प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र एकाच जागेवरून काढावे, मोजमाप पुस्तिकेतील नोंदींच्या वेळी समितीचा एक सदस्य हजर राहावा आणि पूर्णत्वाचा दाखला शाळेच्या दप्तरी ठेवावा. रक्कम ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीपूर्वी द्यावे, कारण मागील रकमेचे प्रमाणपत्र प्रलंबित असलेल्या शाळेचा पुढचा प्रस्ताव तेथेच अडतो. त्याबरोबर एक पान स्वतःहून जोडावे. त्यावर काम होण्याआधीची आणि नंतरची खेळाची मिनिटे, पावसाळ्यात पूर्ण झालेले तास आणि फेब्रुवारीतील चाचण्यांची वर्गवार सरासरी असावी. हे पान कोणी मागत नाही. तरीही ते जिल्हा क्रीडा अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, ग्रामपंचायत आणि मुंबई मंडळ या चौघांना पाठवावे आणि त्याची एक प्रत पुढील वर्षीच्या प्रस्तावाच्या धारिकेत पहिल्या क्रमांकावर लावून ठेवावी.